जुन्या गाडीचा गंज काढूनही त्याच जागी परत येतोय? आधी हे बघा

जुन्या गाडीच्या बॉडीचं गंजाचं काम केलं, पुट्टी, प्रायमर, रंग सगळं झकास झालं, फोटोबिटो काढून झाले, आणि वर्षा-दोन वर्षात नेमके त्याच जागी परत फुगे यायला लागले, ही तक्रार इतकी कॉमन आहे की एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो. बहुतेक जण दोष रंगाला देतात, पुढच्या वेळी महागातला रंग मारतात, आणि तोही फुगतो. रंगाचा यात संबंध फार थोडा असतो. खरं कारण बहुतेक वेळा पत्र्याच्या मागच्या बाजूला असतं, जिथे हात पोचत नाही आणि नजर तर अजिबातच पोचत नाही. म्हणून पहिला प्रश्न "कोणता प्रायमर वापरू" हा नको, पहिला प्रश्न "पाणी कुठून येतंय आणि कुठे थांबतंय" हा हवा.

थोडं शास्त्र, जास्त नाही. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, आणि त्यात मीठ असलं की काम फटाफट होतं कारण मीठ हवेतली ओल ओढून धरतं. आता दोन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्ड (थोड्या थोड्या अंतरावर ठिपक्यांनी जोड) केलेत, मधे केसाएवढी फट आहे, त्या फटीत पाणी आपोआप शिरतं आणि सुकायचं नाव घेत नाही. फटीच्या तोंडाशी ऑक्सिजन भरपूर आणि आत कमी, आणि या फरकामुळेच आतला पत्रा आधी खाल्ला जातो. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो फटीत साचत गेला की दोन स्पॉट वेल्डच्या मधला पत्रा बाहेर ढकलतो. जॉइंटची कड सरळ न राहता वरखाली झालेली दिसली तर आत हेच चाललंय असं समजा. तिथे वरून ग्राइंडर फिरवून काही होत नाही, जॉइंट उघडावाच लागतो.

आणि जुन्या गाड्यांचा मुळातला लोचा असा की सिल (दरवाज्याखालची लांब पोकळ पेटी), पिलर (छपराचे खांब), क्रॉस मेंबर (फ्लोअरखालचे आडवे आधार) असे जे बंद भाग असतात त्यांच्या आतून कारखान्यातच धड कोटिंग झालेलं नसायचं. अख्खी बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेने कोटिंग चढवायची आजची पद्धत १९७० च्या दशकात पसरायला लागली, पोर्शने ९११ ची बॉडी जस्त चढवलेल्या पत्र्याची केली ती १९७६ च्या मॉडेलपासून. त्याआधीची गाडी असेल तर आतून कोरा पत्राच आहे असं धरून चाला, दिसत नसलं तरी.

आता निदान. फुगे कुठे आलेत आणि कसे आलेत हे नीट बघितलं की अर्धं काम तिथेच होतं, त्यामुळे घाईने पॉलिश पेपर घेऊन बसू नका.

पॅच मारला होता आणि फुगे बरोबर त्या पॅचच्या कडेने एका ओळीत आलेत, मधला पॅच मात्र ठणठणीत आहे, तर प्रॉब्लेम वेल्डिंगच्या मागे आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने मागच्या बाजूचा जो काय थोडाफार रंग होता तो जळून गेला, तिथे उघडा पत्रा राहिला, आणि मग आतली ओल लागून तो आतून गंजला. याचंच दुसरं रूप म्हणजे वेल्डमधली बारीक भोकं. ग्राइंड केल्यावर वेल्ड गुळगुळीत दिसतो पण त्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात, वरून पुट्टी लागते, आणि पाणी मागून त्या छिद्रातून पुट्टीत झिरपत राहतं. तपासायची सोपी युक्ती: अंधार करायचा, पत्र्यामागे जोरदार टॉर्च धरायचा, समोरून बघायचं. चांदण्या दिसल्या की कळलं. त्या परत वेल्डनेच भरायच्या, पुट्टीने नाही.

पुट्टीचा अख्खा तुकडाच सुटून हातात येतोय आणि खाली तपकिरी भुकटी आहे, तर गंज न काढताच वर पुट्टी भरलेली होती, यात फार डोकं लावायला नको. साध्या पॉलिस्टर पुट्टीत टाल्क असतं आणि ती ओल शोषते, हे लोक विसरतात. भोकावर फायबरग्लासची जाळी लावून वर पुट्टी हाही तोच प्रकार, फक्त थोडा उशिरा सुटतो. फायबरवाली पुट्टी पाण्याला जास्त दाद देत नाही हे खरं, पण म्हणून ती पत्र्याच्या जागी चालते असं नाही, वेल्ड केलेल्या जॉइंटवरून पहिला पातळ थर म्हणून ठीक आहे.

टाचणीच्या डोक्याएवढे बारीक फोड अख्ख्या पॅनलवर पसरलेत, फोडले तर पाण्याचा थेंब येतो आणि खालचा पत्रा जवळजवळ स्वच्छ, ही केस वेगळी आहे. इथे पत्रा सडलेला नाही, रंगाच्या खाली मीठ राहिलंय, कधी हाताच्या घामाचं, कधी ओल्या पॉलिश पेपरचं घाण पाणी तसंच सुकल्याचं, आणि ते मीठ रंगातून पाणी खेचून घेतंय. किंवा मग गाडी नुसत्या साध्या प्रायमरवर कित्येक महिने पडून होती. साधा एका डब्यातला प्रायमर, रेड ऑक्साइड धरून, पाणी अडवत नाही, त्याच्यातून ओल आरपार जाते. लोक गाडी प्रायमर मारून "सेफ" ठेवतात आणि पुढे वेळ मिळेल तेव्हा रंग देतात, तेव्हा खाली गंज सुरू झालेला असतो. यावर उपाय एकच, पॅनल पत्र्यापर्यंत साफ करायचा, आधी स्वच्छ पाण्याने धुवायचा कारण मीठ थिनरमध्ये विरघळत नाही, लगेच कोरडा करायचा, मग ग्रीस रिमूव्हर आणि त्याच दिवशी एपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, पाणी अडवणारा प्रायमर.

काचेच्या खालच्या कोपऱ्यात फुगे असतील तर काच आणि रबर बाहेर काढल्याशिवाय सुरुवातच करू नका. रबर वरून छान दिसतं, खाली खाचेत पाणी साठलेलं असतं आणि कोपऱ्यातला पत्रा गेलेला असतो. काच न काढता नुसतं मास्किंग करून केलेलं काम परत येणारच. ॲल्युमिनियम आणि लोखंड जिथे टेकतात तिथे पांढरी भुकटी आणि फुगे आले, जसं जुन्या लँड रोव्हरमध्ये लोखंडी बल्कहेडला (इंजिन आणि बसायची जागा यांमधली भिंत) ॲल्युमिनियमचे पॅनल लागलेले असतात, तर तो दोन धातूंमधला विजेचा खेळ आहे, दोन्ही बाजू एपॉक्सीने झाकून मधे पाणी न धरणारी पट्टी घातल्याशिवाय थांबत नाही. आणि गाडी धुतल्यावर जॉइंटमधून तपकिरी पाणी ओघळतंय पण रंग अजून चांगला आहे, तर तुम्ही नशीबवान, वेळेत कळलं.

हे सगळं बघून झालं की पाण्याचा रस्ता शोधा. सिल, दरवाजे, डिकीचे कोपरे, पुढच्या काचेखालची जाळी, सगळीकडे पाणी बाहेर जायला भोकं दिलेली असतात आणि जुन्या गाडीत ती पाला, चिखल, जुन्या अंडरकोटने बुजलेली असतात. हमखास होतं काय, की दुरुस्ती करणारा नवीन सिल बसवतो, सीलर मारतो, आणि त्या नादात ती भोकंही बंद करून टाकतो, म्हणजे आता आत गेलेलं पाणी बाहेरच येत नाही. नवीन पत्रा वर्षात सडण्याचं हे एक नंबर कारण, आणि कोणी बघतच नाही. आतून पाणी येत असेल तर कार्पेट उचला, एकाने बाहेरून नळीने हळूहळू खालून वर पाणी मारायचं आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. सगळीकडे एकदम पाणी मारलंत तर काहीच कळणार नाही. फ्लोअर सडलेला असेल तर खालून उडणाऱ्या पाण्याला दोष देण्याआधी वरून, काचेच्या रबरातून नाहीतर हीटरच्या हवेच्या वाटेतून गळतंय का ते बघा, कारण फ्लोअर वरूनच सडलेला असणं फार कॉमन आहे, कार्पेटखालचं फेल्ट महिनोनमहिने ओलं राहतं.

किती कापायचं? दिसतो त्याच्या दुप्पट-तिप्पट गंज आत असतो असं मनात धरून ठेवा आणि मग टोच्या घ्या. जाड स्क्रू ड्रायव्हरने दाबत जा, पत्रा कुरकुरला किंवा आत गेला की ती जागा मेलेली. छोट्या हातोडीने वाजवत जा, चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो, पुट्टी असली तरी बद्दच वाजतो. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा, जिथे पकड सुटते तिथे पुट्टी जाड आहे. मोबाइलला लागणारा एंडोस्कोप कॅमेरा मिळतो तो भोकातून सिलमध्ये घाला, तेवढ्याने बऱ्याच चर्चा संपतात. कापायचं ते स्वच्छ, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत, पातळ झालेल्या पत्र्याच्या कडेला वेल्ड लावायला गेलं की तो नुसता उडत जातो, भोक मोठं होत जातं आणि मग लोक वेल्डिंग मशीनला शिव्या देतात.

बॉनेट, मडगार्ड, दरवाज्याची खालची पट्टी हे वेगळं आणि सिल, फ्लोअर, सस्पेन्शनची जागा हे वेगळं. वेगळी चेसिस नसलेल्या गाडीत सिल म्हणजे गाडीचा कणा. फोक्सवॅगन बीटलमध्ये फ्लोअर बोल्टने लागतो पण हीटरची हवा नेणारे जे चॅनल आहेत तेच बॉडीला ताठ ठेवतात, जुन्या मिनीत सिल आणि मागची सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी चौकट) बसते ती जागा आधी बघायची. असे भाग कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत चौकोनी पाइपचे आधार वेल्ड करा, गाडी सस्पेन्शनच्या जागांखाली घोड्यांवर (गाडी टेकवायचे स्टँड) लेव्हलमध्ये ठेवा, तिरके माप घेऊन लिहून ठेवा, आणि एका वेळी एकच बाजू. दरवाजे लावून गॅप बघत बघत जायचं. उघड्या टपाच्या गाडीत तर हे दुप्पट महत्त्वाचं, मधून वाकली की दरवाजा परत कधी नीट लागत नाही. आणि बाहेरचा सिल जुन्या सडलेल्या सिलवर टोपीसारखा चढवणं हा जो शॉर्टकट आहे तो प्लीज करू नका, आतला गंज चालूच राहतो, फक्त आता तो दिसत नाही. आतला सिल, मधली पट्टी, मग बाहेरचा, याच क्रमाने. ज्यांना असल्या भागांचं वेल्डिंग येत नाही त्यांनी हा भाग अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावा, कापणं-साफ करणं आपण करू शकतो.

गंज काढायचे प्रकार पन्नास आहेत, त्यावर वादही तेवढेच. ड्रिलवरचा वायर ब्रश गंज काढतो कमी आणि चमकवतो जास्त, खड्ड्यांच्या तळाशी काळा गंज तसाच राहतो आणि वरून पत्रा चांदीसारखा दिसतो. सँडब्लास्टिंग खड्ड्यांपर्यंत पोचतं, पण मोठ्या सपाट पॅनलवर जवळून जोरात मारलं की पत्रा ताणला जाऊन कायमचा वाकडा होतो, म्हणून बॉनेट-छपरासारख्या पॅनलवर नको, आणि बंद भागात शिरलेली वाळू नंतर काढत बसा, ती ओल धरते. सोडा ब्लास्टिंग रंग काढतं, गंज नाही. सुटे पार्ट असतील तर इलेक्ट्रोलिसिस भारी काम करतं, धुण्याचा सोडा घातलेलं पाणी, साधा बॅटरी चार्जर, पार्ट निगेटिव्हला आणि पॉझिटिव्हला भंगारातलं साधं लोखंड. तिथे स्टेनलेस स्टील चुकूनही नको, त्यातून क्रोमियमचं विषारी रूप पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो म्हणून हे उघड्यावरच, आणि पार्ट हलवायच्या आधी चार्जर बंद. स्प्रिंगा आणि जास्त ताकदीचे बोल्ट यात टाकू नका, हायड्रोजनने ठिसूळ होतात. ॲसिड सुट्या पार्टला ठीक, गाडीवर असलेल्या जॉइंटला नको, फटीत गेलेलं ॲसिड धुतलं जात नाही आणि सहा महिन्यांनी तिथूनच रंग सोडून बाहेर येतं.

रस्ट कन्व्हर्टरबद्दल खूप विचारतात. त्यात टॅनिक किंवा फॉस्फरिक ॲसिड असतं, ते गंजाच्या पातळ, घट्ट बसलेल्या थराशी रिॲक्ट होऊन स्थिर थर करतं, टॅनिकवाला असेल तर काळा पडतो. पोपडे सुटताहेत अशा जागी ते वरच्या वर रिॲक्ट होतं, खालचा गंज तसाच, म्हणजे ओल आलेल्या भिंतीला चुना मारण्यातला प्रकार. स्वच्छ पत्र्यावर तर त्याचा उपयोगच नाही, त्याला गंज लागतो. जिथे ब्लास्टिंग पोचत नाही आणि कापणं शक्य नाही अशा खड्डेदार जागांपुरतं वापरा, आणि वर एपॉक्सी मारणार असाल तर एपॉक्सीच्या डब्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा, ॲसिडवाल्या थरावर बऱ्याच एपॉक्सी धरत नाहीत. एच प्रायमरचंही (etch, म्हणजे पत्र्याला धरण्यासाठी ॲसिड असलेला प्रायमर) तेच, एच किंवा एपॉक्सी, दोन्ही एकावर एक नाही.

वेल्डिंगचं थोडक्यात, कारण त्यावर वेगळं लिहावं लागेल. बॉडीचा पत्रा साधारण ०.८ ते १.२ मिलिमीटर, त्याला गॅसवालं मिग वेल्डिंग मशीन, ०.६ ची वायर, आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. एका दमात लांब रेघ ओढायची नाही. टॅक (वेल्डचा छोटा ठिपका) मारायचा, लांब जाऊन दुसरा मारायचा, हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं, परत मधे. बाहेरून दिसणाऱ्या पॅनलला पत्र्याला पत्रा भिडवून जोडा, एकावर एक चढवून जोडलं की मागे पाणी धरायला फट तयार झालीच. जिथे चढवावंच लागतं तिथे दोन्ही पृष्ठभागांना आधी जस्तवाला वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्याच्यावरून वेल्ड करता येतं असा). सुरू करण्याआधी बॅटरी सोडा, पेट्रोलची टाकी आणि पाइप बाजूला, मागचं कार्पेट-फेल्ट-अंडरकोट काढा, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, आणि काम संपल्यावर अर्धा तास गाडी सोडून जायचं नाही, फेल्ट आतल्या आत धुमसतं. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर मारून लगेच वेल्डिंग करू नका, त्याच्या वाफेपासून फॉस्जीन तयार होतो आणि तो जीवघेणा आहे. जुन्या गाड्यांत जॉइंटवर कारखान्यातच शिसं भरलेलं असायचं, करडं, मऊ काही लागलं तर कोरडं सँडिंग बंद.

कोटिंगचा क्रम यावर माझं मत ठाम आहे: स्वच्छ पत्रा, त्यावर दोन हात एपॉक्सी, पुट्टी एपॉक्सीच्या वर, जॉइंटवर पॉलियुरेथेन सीलर तोही एपॉक्सीच्या वर, मग सरफेसर (घासून गुळगुळीत करायचा प्रायमर), मग रंग. कोऱ्या पत्र्यावर पुट्टी मारणारे खूप आहेत आणि पुट्टीच्या डब्यावरही बहुधा तसंच लिहिलेलं असतं, ते चालतं, पण रंगाला एक टवका उडाला की पुट्टी पाणी पिते आणि ते थेट लोखंडाला लागतं. मधे एपॉक्सी असेल तर ते अडतं. दुकानातलं व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन सीलर म्हणून अजिबात वापरू नका, सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि त्यावर रंगही धरत नाही. टू-के (हार्डनर मिसळून वापरायचे) रंग आणि प्रायमरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला साधा धुळीचा मास्क म्हणजे काहीच नाही, बाहेरून हवा येणारा मास्क लागतो.

एवढं करूनही गंज परत येतो तो बंद भागांच्या आतून, कारण तिथे एपॉक्सी पोचलेलंच नाही. तिथे कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ भागांत आतून फवारायचं मेण. लांब नळी आणि चारी बाजूंना फवारा मारणारं नोझल घेऊन, नळी पार टोकापर्यंत आत घालायची आणि फवारत फवारत हळूहळू बाहेर ओढायची. वॅक्सचा डबा आधी कोमट पाण्यात ठेवला की ते पातळ होऊन फटीत नीट शिरतं. सगळं वेल्डिंग आणि रंग पूर्ण झाल्यावरच हे करायचं, आधी मारलंत आणि नंतर एक टॅक जरी मारायचा राहिला तरी आग लागते, आणि जवळपासच्या पॅनलवर रंगही बसत नाही. जुनं इंजिन ऑइल फवारायचा सल्ला हमखास कोणीतरी देतं. त्यात इंजिनातली ॲसिडं आणि घाण असते, ते रबर खराब करतं, खाली गळून जातं आणि पुढे कधी तिथे वेल्डिंग करायचं झालं तर काम करणारा तुम्हाला हात जोडतो. लॅनोलिनवालं किंवा वॅक्सच घ्या. खालून जाड काळा डांबरी अंडरकोट मारायची हौस असेल तर एवढं लक्षात ठेवा की तो काही वर्षांत कडक होऊन तडकतो, तड्यांतून पाणी आत जातं आणि खाली दडून बसतं, बाहेरून मात्र सगळं काळं कुळकुळीत. मऊ राहणारं वॅक्स दर एक-दोन वर्षांनी परत मारावं लागतं हे कटकटीचं आहे, पण निदान खाली काय चाललंय ते दिसतं.

वॅक्स मारून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सगळी पाण्याची भोकं तारेने परत मोकळी करा, वॅक्सनेच बुजलेली असतात. मग गाडी धुवा आणि सिलखाली वाकून बघा, पाणी टपटप बाहेर पडलं पाहिजे. पुढच्या जोरदार पावसानंतर कार्पेट उचलून हाताने फ्लोअर चाचपा, कोरडा असेल तर मगच कार्पेट चिकटवा, तोपर्यंत नुसतं अंथरून ठेवा.